सोळा एकरांचा हिशेब

न्यूयॉर्क व न्यू जर्सी येथील मराठी रहिवाशांस जाहीर पत्रक



2001 सालच्या 11 सप्टेंबर रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे जमीनदोस्त झाले, त्या एका सकाळी या शहरात 2,753 माणसे मृत्युमुखी पडली, आणि पुढे त्या सोळा एकरांवर जे काही उभे राहिले त्याच्या गौरवार्थ इतकी पुस्तके आणि इतकी व्याख्याने झाली, की त्या जमिनीचा साधा जमाखर्च विचारणारा मनुष्य आज अरसिक तरी ठरतो किंवा कृतघ्न तरी. ही दोन्ही विशेषणे पत्करून आम्ही हे पत्रक काढीत आहोत.

स्मारकाविषयी आमची तक्रार नाही. 5,201 आराखड्यांमधून निवडलेली मायकेल आराड यांची कल्पना, म्हणजे मनोऱ्यांच्या मूळ पायांच्या जागी सुमारे एकेक एकराची दोन खोल कुंडे आणि त्यांच्या काठाच्या कांस्यपत्र्यावर आरपार कोरलेली 2,983 नावे (1993 च्या स्फोटात गेलेल्या सहा जणांसह), ही उदात्त आहे हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. आणि ज्या मृताचा त्या दिवशी वाढदिवस असेल त्याच्या नावाच्या अक्षरांत एक पांढरा गुलाब खोचून ठेवण्याची तेथील रीत पाहून कोणाचेही मन द्रवेल. आमचा वाद आहे तो कुंडांच्या काठापलीकडच्या जमिनीच्या वहिवाटीविषयी.

ही जमीन मुळात कोणाची होती? कोर्टलंड स्ट्रीटच्या आसपास तेव्हा रेडिओ रो या नावाची पेठ होती. दाराबाहेर खोक्यांतून जुने व्हॉल्व्ह, तारेची वेटोळी आणि कर्णे मांडलेले असत, आणि शाळकरी पोरापासून नौदलातील तंत्रज्ञापर्यंत सगळे तेथे वाकून वाकून हवा तो सुटा भाग शोधीत. 1962 साली न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांच्या कायदेमंडळांनी कायदे करून ही पेठ पोर्ट ऑथॉरिटी या दोन्ही राज्यांच्या सामाईक संस्थेच्या हवाली केली. त्या व्यवहारात न्यू जर्सीच्या पदरात काय पडले, तर दिवाळ्यात निघालेली हडसन नदीखालची रेल्वे पोर्ट ऑथॉरिटीने चालवायला घेतली, आणि तीच आज जर्सी सिटीहून आपल्यापैकी हजारोंना रोज कामावर पोहोचविणारी पाथ होय. दुकानदारांनी मोर्चे काढले, लटकी प्रेतयात्रा काढली, कोर्टात धाव घेतली. त्यांच्या फिर्यादीला नाव पडले ते कर्टसी सँडविच शॉप या खाणावळीचे. 1963 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की व्यापाराची सोय करणे हेही सार्वजनिक प्रयोजनच आहे, सबब भूमिसंपादन कायदेशीर आहे. पेठ उठली. ज्या सार्वजनिक हिताच्या नावाने ती उठविली गेली, ते हित त्या जमिनीवर बोजा म्हणून कायमचे चढले आहे असे आम्ही मानतो; आमचे सारे म्हणणे या एका मुद्द्यावर उभे आहे.

हल्ल्याच्या जेमतेम सात आठवडे आधी, जुलै 2001 मध्ये, पोर्ट ऑथॉरिटीने हे मनोरे लॅरी सिल्व्हरस्टीन यांच्या मंडळीस 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले होते. मनोरे गेले, पट्टा राहिला. भाडे चालू, आणि त्याबरोबर जितकी कचेरीची जागा नष्ट झाली तितकी पुन्हा बांधण्याचा हक्कही चालू. ढिगाऱ्यातून अवशेष निघत होते त्याच दिवसांत, दोन विमानांचा आघात ही विम्याच्या दृष्टीने एक घटना की दोन, या प्रश्नाचा कीस पाडण्याची तयारी वकील करू लागले होते. ते प्रकरण 2007 साली साडेचार अब्ज डॉलरांच्या आसपास मिटले. व्यापाऱ्याने आपल्या कबुलायतीतले हक्क वसूल करावेत यात नवल नाही आणि आम्ही त्यास बोलही लावीत नाही. आमचा प्रश्न आहे तो लोकांच्या विश्वस्तांना: त्या दस्तऐवजाच्या दुसऱ्या बाजूस सही तुमची होती ना?

जुलै 2002 मध्ये पुनर्बांधणीचे सहा आराखडे प्रसिद्ध झाले. सहाही जणू एकाच कारकुनाने खरडले होते, कारण सहांनाही अट एकच होती, की सुमारे एक कोटी दहा लाख चौरस फूट कचेऱ्या बसल्याच पाहिजेत, मग उरेल त्या फटीत शोक करा. त्याच महिन्यात जॅव्हिट्स सेंटरमध्ये चार हजारांहून अधिक नागरिक मेजांभोवती बसले आणि त्यांनी ते सहाही आराखडे झिडकारले. लोकमताचा असा स्पष्ट कौल या शहराने क्वचितच दिला असेल. त्याचे फळ काय? नवी स्पर्धा झाली, 2003 साली डॅनिएल लिबेस्किंड यांची योजना निवडली गेली, नव्या मनोऱ्याच्या कोनशिलेचाही समारंभ झाला. 4 जुलै 2004 रोजी वीस टनांचा ग्रॅनाइटचा धोंडा भाषणांच्या गजरात बसविण्यात आला, आणि पोलिसांनी सुरक्षेचा आक्षेप घेतल्यावर मनोऱ्याचा आराखडाच बदलावा लागल्यामुळे दोन वर्षांनी तोच धोंडा गुपचूप उचलून लाँग आयलंडला पोहोचता करण्यात आला. (भाषणे कोठे पोहोचती केली, याची नोंद दप्तरात नाही.) 1,776 फुटांचा मनोरा अखेर नोव्हेंबर 2014 मध्ये उघडला; आणि आसपास काय झाले म्हणाल, तर ये रे माझ्या मागल्या: कचेऱ्या, पुन्हा कचेऱ्या, आणि तळघरात दुकाने.

पाथच्या स्थानकाची गोष्ट तर आपण रोज पायांनी वाचतो. सांतियागो कालात्रावा यांचे ते पांढऱ्या फासळ्यांचे ऑक्युलस 2016 च्या मार्चमध्ये उघडले, तोवर दोन अब्जांचा अंदाज चार अब्ज डॉलरांच्या घरात गेला होता. इमारत सुंदर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सकाळची गाडी सुटू नये म्हणून धावणाऱ्या माणसास त्या संगमरवरी सभागृहातून घड्याळांच्या आणि अत्तरांच्या दुकानांवरून जावे लागते, आणि त्याच मजल्यावर दिव्यांची साफसफाई करणारा किंवा कॉफी ओतणारा मजूर रात्री दोन गाड्या बदलून क्वीन्सच्या टोकाला झोपायला जातो, याचा विचार त्या चार अब्जांत कोठे झाला? 107 व्या मजल्यावरच्या विंडोज ऑन द वर्ल्ड या उपाहारगृहाचे सत्तरांहून अधिक नोकर त्या दिवशी मेले: स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणारे, त्यांतले कितीतरी परदेशांतून पोट भरायला आलेले. कांस्यपत्र्यावर त्यांची नावे आहेत. त्यांच्यासारख्यांना राहायला त्या सोळा एकरांत वीतभरही जागा ठेवलेली नाही.

आता राहिला तो लिबर्टी स्ट्रीटच्या दक्षिणेचा, पाच क्रमांकाचा भूखंड. तेथे डॉइचे बँकेची इमारत होती. दक्षिण मनोऱ्याच्या पडझडीने ती फाटली, वर्षानुवर्षे काळ्या जाळीत गुंडाळून उभी राहिली, तिच्या गच्चीवरच्या खडीत शेकडो अस्थिखंड सापडले, ती उतरविताना 2007 च्या आगीत दोन अग्निशामक जवान प्राणास मुकले, आणि 2011 साली ती एकदाची नाहीशी झाली. ही जागा 2004 साली सार्वजनिक पैशाने विकत घेतलेली आहे. तिच्यावर सुमारे बाराशे घरांचा मनोरा बांधण्याची योजना 2021 साली पुढे आली, तेव्हा परवडणाऱ्या घरांचा वाटा पाव होता. त्या भागातील रहिवाशांनी आणि हल्ल्यातून वाचलेल्यांनी, सगळीच घरे परवडणारी हवीत, असा आग्रह धरला, सभा गाजविल्या, तेव्हा 2023 साली पावाचा तिसरा हिस्सा झाला. हा तिसरा हिस्सा कोणाच्या औदार्यातून आलेला नाही. तगाद्याने मिळाला; आणि तगाद्याने जे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत येते ते तेथेच का थांबावे, याचे कारण आजवर कोणी दिलेले नाही.

कारण म्हणून पैशाची टंचाई पुढे करतात. हल्ल्यानंतर खालच्या मॅनहॅटनच्या उभारणीसाठी आठ अब्ज डॉलरांचे करमुक्त लिबर्टी रोखे मंजूर झाले होते. त्यांतले दीड अब्जांहून अधिक गोल्डमन सॅक्स या धनाढ्य पेढीच्या नव्या मुख्यालयासाठी दिले गेले. तिजोरीचे तोंड तेव्हा उघडे होते. भांडी घासणाऱ्याच्या घराचा विषय निघाला की ते मिटते, यास टंचाई म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. जेथे माणसे मेली तेथे संसार थाटावेत काय, असे मोठ्या हळुवारपणे विचारले जाते. थाटायला निघालेल्या बाराशे संसारांपैकी आठशे श्रीमंतांचे असले तर पावित्र्याला बाध येत नाही, ते आठशेही गरिबांचे झाले तरच येतो, असा काही शास्त्रार्थ असल्यास तो आम्हांस ठाऊक नाही. समोरच सेंट निकोलस चर्चची फिरून उभारणी झाली आहे. पलीकडे नाट्यगृह झाले. स्मारकाखालच्या संग्रहालयास तिकीट आहे. पावित्र्य या सर्वांशी गुण्यागोविंदाने नांदते आहे.

गिरणगावातून आलेल्यांना अधिक समजावण्याची गरज नाही. 1991 च्या नियमावलीने मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे तीन वाटे केले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेचा, एक घरांचा, एक मालकाचा. 2001 साली त्या नियमात फेरफार झाला, वाटणी फक्त आधीच रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि परळ-लोअर परळमध्ये त्यानंतर काय उगवले ते आपण सुट्टीवर गेलो की पाहतोच. कागदावरचा तिसरा हिस्सा कसा झिजतो, याचे ज्ञान आपल्याइतके या शहरात थोड्यांना असेल. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे: पाच क्रमांकाच्या भूखंडावरील सर्व घरे परवडणारी व्हावीत, आणि जो वाटा आज कबूल झाला आहे तो पुढच्या कोणत्याही करारात घटविता येणार नाही अशी अट दस्तऐवजातच लिहिली जावी.

पोर्ट ऑथॉरिटीच्या संचालक मंडळाच्या सभा खुल्या असतात आणि नागरिकांस तेथे मोजका वेळ बोलता येते. नाव मात्र आधी नोंदवावे लागते. ज्यांना इंग्रजीत बोलण्याचा संकोच वाटतो त्यांनी लेखी निवेदन द्यावे. पाथने येणाऱ्यांनी आपण न्यू जर्सीचे आहोत म्हणून या विषयाशी आपला संबंध नाही, असे मानू नये. ती संस्था दोन्ही राज्यांची आहे, निम्मे संचालक आपल्या राज्यपालांनी नेमलेले आहेत, आणि तिचे मुख्य कार्यालय त्याच सोळा एकरांत, चार क्रमांकाच्या इमारतीत आहे.