गोळी थायरॉईडची, धडधड छातीची

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या भगिनी आज प्रत्येक वस्तीत भेटतात. त्यांतील कितीतरी जणी सांगतात, "छातीत धडधडतं, हात थरथरतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही." घरचे म्हणतात, मनावर घेऊ नकोस. आम्ही म्हणतो, जरूर मनावर घ्या. आम्ही डॉक्टर नव्हे, कचेरीत आकडेमोड करणारे. पण लोकांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहून जे कळले ते येथे मांडतो.

गळ्यातील ही ग्रंथी मंदावली की शरीराचा सारा कारभार मंदावतो, नाडीसुद्धा. उणे पडलेला रस गोळीतून भरून काढायचा असतो. ही गोळी मायक्रोग्रामवर मोजतात, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागावर. एवढ्याशा मापात थोडी चूक झाली तरी ती हृदयाला कळते. रस जास्त झाला की नाडी पळते, घाम सुटतो, वजन उतरते, पुढे हाडेही ठिसूळ होतात. वाईटात वाईट म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. मग तेथे रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेली तर लकवा मारतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे साठ वर्षे व त्यावरील माणसांची दहा वर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा टी.एस.एच. फारच खाली होता, त्यांच्यात हा विकार सुमारे तिप्पट आढळला.

टी.एस.एच. हे खाते उलटे आहे, तेथेच पुष्कळांचा घोळ होतो. आकडा वाढला तर रस कमी, आकडा तळाला गेला तर रस जास्त. "रिपोर्ट कमी आला, बरे झाले" असे समजू नये.

आमच्या वस्तीतील एका सुनेची गोष्ट. गरोदरपणी थायरॉईडचा रस जास्त लागतो, म्हणून डॉक्टरांनी तिची गोळी ७५ वरून १०० केली. ते योग्यच होते. बाळंतपणानंतर ती पुन्हा कमी करायची असते, हे मात्र तिला कोणी सांगितले नाही. पाच महिने १०० चीच चालू. पोरीची छाती धडधडायची, अंग वाळत चालले. कोणी म्हणाले बाळंतरोग, कोणी म्हणाले नजर, आणि देवऋषीचा पत्ताही आणून दिला! घाबरून तिने गोळीच बंद केली. हेही चूकच, कारण गोळी तिला जन्मभर लागणार होती. तपासणी झाली, कार्डिओग्राम काढला, गोळी ७५ वर आली. पण धडधड लगेच थांबली नाही. या औषधाचा निम्मा भाग शरीराबाहेर जायलाच सुमारे आठवडा लागतो. मागील बाकी पुढे ओढली जाते. म्हणूनच माप बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात.

दर वेळी दोष गोळीचाच असतो असेही नाही. आपल्या बायकांत रक्त कमी असणे हे धडधडीचे मोठे कारण आहे, शिवाय चहाचे कप वेगळेच. वय झालेल्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला मात्र गोळी अगदी थोडक्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. तेव्हा जावेची गोळी सासूला देऊ नये. वजन उतरावे म्हणून दोन-दोन गोळ्या घेणाऱ्या मुलीही आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना काय म्हणावे!

गोळी सकाळी अनशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोहाची वा कॅल्शियमची गोळी चार तास दूर ठेवावी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो.

धडधड सुरू झाली तर स्वस्थ बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी व आकडा लिहून ठेवावा. बसल्या जागी ती शंभरावर जात असेल किंवा ठोके वेडेवाकडे पडत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखले, दम लागला, भोवळ आली तर रात्र असली तरी थेट इस्पितळ गाठावे. जाताना गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे, म्हणजे गोळी किती मायक्रोग्रामची ते डॉक्टरांना तेथल्या तेथे वाचता येते.