हलकी सॅक आणि अपुरी झोप

शनिवारी सकाळी लोणावळा लोकलमध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डीला चढणाऱ्या तरुणांच्या सॅक अलीकडे लहान झाल्या आहेत. पूर्वी एका मुक्कामासाठीही साठ-सत्तर लिटरची सॅक, त्यात जाड तंबू, स्टोव्ह, पातेली आणि सतरंजी असायची. आता निम्म्या आकाराच्या सॅकमध्ये सगळे मावते. काही जण तंबूही घेत नाहीत. पातळ ताडपत्री, दोन काठ्या आणि दोरी एवढ्यावर मळवलीला उतरून डोंगराकडे निघतात. चाकणची मंडळी राजगुरुनगरमार्गे भोरगिरी गाठतात आणि भीमाशंकरची वाट धरतात.

वैद्यकीय दृष्टीने हा बदल स्वागतार्ह आहे. उतारावर गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. सॅकमधील प्रत्येक किलो त्यात भर घालतो. आठ तास उभे राहून काम केल्याने ज्यांची कंबर आणि गुडघे आधीच कुरकुरतात, त्यांना तर हलके ओझे हवेच. अमेरिकेत एमा गेटवूड या आजीबाईंनी 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासची अ‍ॅपलाचियन वाट एकटीने पूर्ण केली होती. महागड्या सामानाशिवाय चालता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले.

अडचण आहे ती वजनाच्या उसन्या हिशेबाची. परदेशी पद्धतीत साडेचार किलोंच्या आतली सॅक ‘अतिहलकी’ मानतात. पण त्या आकड्यात पाणी, अन्न आणि इंधन धरलेलेच नसते. जिथे वाटेवर वारंवार झरे लागतात, तिथे हे चालून जाते. सह्याद्रीचा काळा पाषाण पावसाचे बरेचसे पाणी वाहून जाऊ देतो. होळीनंतर उघड्या पठारांवर ओढे आटलेले असतात आणि गडावरच्या टाक्यांतले पाणी अनेकदा पिण्यालायक नसते. उन्हात चढताना तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. म्हणजे आपल्याकडे तीन-चार लिटर पाणी, अर्थात तीन-चार किलो वजन, पाठीवर घ्यावेच लागते. सॅक हलकी करायची ती या पाण्याला जागा करण्यासाठी. सोबत जलसंजीवनीच्या दोन पुड्या हव्यात. एका लिटरची पुडी 20.5 ग्रॅमची असते. ती नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही थांबून सावली शोधण्याची खूण. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला तिथेच ओले करून वारा घालावा आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही पाजू नये.

पावसाळ्यात धोका उलटा असतो. विसापूरसारख्या मोकळ्या माथ्यावर ओला सुती टी-शर्ट, जीन्स आणि भन्नाट वारा एकत्र आले, की पंधरा अंश तापमानातही शरीर झपाट्याने निवते. शरीराचे आतले तापमान 35 अंशांच्या खाली गेले, की माणूस कुडकुडतो, अडखळतो, बरळतो. सोबतचे त्याला दमलेला समजतात. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडे घालणे, आडोसा देणे आणि तो शुद्धीत असल्यास गरम गोड चहा पाजणे हाच उपाय. दारूने तात्पुरती ऊब वाटते, प्रत्यक्षात शरीरातील उष्णता बाहेर जाते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा स्वेटर वजन वाचवण्यासाठी घरी ठेवू नये.

तिसरी काटकसर जमिनीवर झोपण्याची. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश बहुधा झोपलेल्या माणसाला होतो. तो फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. उघड्या ताडपत्रीखाली झोपण्यापेक्षा तळ शिवलेला आणि चेन बंद होणारा लहान तंबू थोडा जड, पण शहाणपणाचा. दंशाचा नुसता संशय आला तरी बांधणे, कापणे, चोखणे टाळावे. तो अवयव न हलवता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवून रुग्णालय गाठावे.

या पट्ट्यातला सर्वांत मोठा धोका मात्र सॅकमध्ये दिसत नाही. तिसरी पाळी संपवून थेट स्टेशन गाठणारे, किंवा मोटारसायकलवर घाटरस्त्याला लागणारे कामगार इथे पुष्कळ आहेत. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की सलग 17 तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. भारतात वाहन चालवण्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे रात्रभर जागलेला तरुण दारूचा थेंबही न घेता त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. त्याच अवस्थेत तो निसरड्या कड्याजवळून चालतो आणि रविवारी रात्री परत गाडी चालवतो. आधी सात तास झोप आणि मग डोंगर, हा क्रम पाळला तर बरेच अपघात टळतील.

हलके चालण्याची परंपरा या भागाला नवी नाही. देहू आणि आळंदीहून निघणारा वारकरी पंढरपूरपर्यंत पताका, टाळ आणि छोटी पडशी घेऊन चालतो. पण त्याचे सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असते, वाटेत पाण्याचे टँकर आणि वैद्यकीय पथके असतात, मुक्काम ठरलेला असतो. हलकेपणामागे एवढी व्यवस्था उभी असते.

डोंगरात ती व्यवस्था नाही. संरक्षित किल्ल्यांवर मुक्कामाला मनाई आहे आणि अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय राहता येत नाही. हे नियम वास्तूंच्या आणि वन्यजीवांच्या हिताचेच आहेत. पण पर्याय दिला नाही, तर मुले गुपचूप राहतात आणि आपण कुठे आहोत हे कुणालाच सांगत नाहीत. मग मदत पोहोचायला उशीर होतो. म्हणून पायथ्याच्या गावांत परवानगीच्या मुक्कामाच्या जागा, नावांची नोंदवही आणि जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पविष प्रतिबंधक लस हवी. सहलींना प्रोत्साहन देणाऱ्या कारखान्यांनी निदान आदल्या रात्रीची पाळी तरी देऊ नये.

तोवर ट्रेकरने स्वतःपुरती एक यादी पाळावी. जादा कपडे, भांडी, डबे खुशाल कमी करावेत. पाणी, मीठ-साखर, कोरडे उबदार वस्त्र, बंद तंबू आणि टॉर्च यांना हात लावू नये. मुक्कामाची जागा आणि परतीची वेळ घरी सांगून निघावे. रात्रपाळी करून आलेल्या मित्राला त्या दिवशी झोपू द्यावे. डोंगर पुढच्या आठवड्यातही असतो.