पहिलीचे पुस्तक कुणासाठी?

अमेरिकेतल्या निदान दोन पिढ्या ज्या पुस्तकांवर वाचायला शिकल्या, त्या पुस्तकांची सद्दी सत्तरचे दशक उजाडेपर्यंत संपली होती. स्कॉट फोर्समन या प्रकाशनसंस्थेची ही डिक आणि जेन या भावंडांची वाचनमाला. ही भावंडे १९३० मध्ये पहिल्यांदा पुस्तकात आली आणि पन्नासच्या दशकात तिथल्या पहिलीच्या बहुतेक वर्गांत तीच होती. एवढे यश मिळालेली पुस्तके इतक्या झपाट्याने का कोसळली, हे आपल्याकडे पहिलीचे पुस्तक करणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवे.

त्यातले एखादे पान डोळ्यांपुढे आणा. हिरवळ, टुमदार घर, पळणारा स्पॉट कुत्रा, त्याच्यामागे धाकटी सॅली. चित्राखाली मोजून दोन-तीन ओळी, आणि त्यांत बघ, धाव एवढ्याच अर्थाचे शब्द फिरून फिरून आलेले. अक्षराला आवाज जुळवत शब्द वाचायचा नाही. तो अख्खाच्या अख्खा नजरेत बसवायचा, आणि डोळ्यांखालून पुन्हा पुन्हा गेला की तो आपोआप ओळखू येईल, अशी भिस्त. नवे शब्द अगदी बेताबेताने यायचे. अक्षरांचे आवाज सांगायचे ते मागाहून, थोडे थोडे, सवडीने.

यामागचा हेतू चांगला होता, हे मान्य केलेच पाहिजे. त्याआधी मुलांना महिनोन्‌महिने अर्थहीन अक्षरे घोकावी लागत. पूर्वी शिक्षिका असलेल्या झर्ना शार्प आणि शिकागो विद्यापीठातले विल्यम ग्रे यांना वाटत होते की, मुलाला पहिल्या दिवसापासून आपल्यासारखी मुले भेटावीत, अर्थ कळावा. त्यांच्या पद्धतीला जुना शास्त्रीय आधारही दाखवला जाई. जेम्स कॅटेल यांनी १८८० च्या दशकात लाइपझिगच्या प्रयोगशाळेत दाखवून दिले होते की, सरावलेला वाचक छोटा शब्द जवळजवळ एका सुट्या अक्षराइतक्याच चटकन ओळखतो. खरी गफलत इथेच झाली. मुरलेला वाचक जिथे पोचला आहे, तिथूनच सहा वर्षांच्या पोराने चालायला लागावे अशी अपेक्षा धरली गेली.

व्हिएन्नात जन्मलेल्या रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ मध्ये ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ या पुस्तकात यावर थेट हल्ला चढवला. ज्या लिपीत अक्षरे आवाज दाखवतात, ती लिपी तुम्ही चित्रांसारखी शिकवता आहात, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांची भाषा भडक होती आणि विद्वान भडकलेही, पण पालकांनी पुस्तक उचलून धरले. पुढे हार्वर्डच्या जीन चॉल यांनी कित्येक दशकांचे अभ्यास तपासले आणि १९६७ मध्ये शांतपणे तोच निष्कर्ष मांडला: सुरुवातीलाच अक्षर आणि आवाज यांचा मेळ नीट शिकवला, तर मुले पुढे जातात. मधल्या काळात, १९५७ मध्ये, डॉ. सूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ आले. त्यात शब्द होते फक्त २३६, तरी मुलांनी ते डोक्यावर घेतले. म्हणजे शब्द थोडे असणे हा दोष नव्हताच.

मला याहून जड वाटतो तो दुसरा दोष. या पुस्तकांतले घर कायम गोऱ्यांचे, गावाबाहेरच्या निवांत वस्तीतले, कामावर जाणाऱ्या वडिलांचे आणि घर सांभाळणाऱ्या आईचे. पहिले कृष्णवर्णीय कुटुंब त्यात आले १९६५ मध्ये: माइक, त्याच्या जुळ्या बहिणी आणि त्यांचे आईवडील. पस्तीस वर्षे लागली. या काळात शाळेत जाऊन वाचायला शिकलेल्या लाखो कृष्णवर्णीय मुलांनी वाचन म्हणजे दुसऱ्यांच्या घरात डोकावणे, असेच अनुभवले असणार. टोनी मॉरिसन यांनी १९७० मध्ये ‘द ब्लूएस्ट आय’ या पहिल्याच कादंबरीची सुरुवात अशाच पाठ्यपुस्तकी मजकुराने केली. मग विरामचिन्हे काढून, शेवटी शब्दांमधल्या जागाही मिटवून तोच मजकूर पुन्हा छापला. त्या सुखी घराचा एका काळ्या मुलीच्या मनावर किती भार पडतो, ते पानावरच दिसते.

इंग्रजीचे स्पेलिंग बेभरवशाचे, म्हणून अख्खा शब्द ओळखायला लावण्यामागे निदान एक सबब तरी होती. मराठीला तीही नाही. पण आपल्या कित्येक वर्गांत अजून उलट्या बाजूची चूक चालू आहे. आधी सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी, सुरात, एकसाथ. शब्द वाचायचा तो त्यानंतर. पोरे बाराखडी घडाघडा म्हणतात आणि समोरच्या पाटीवर अडतात. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे वर्षानुवर्षे दिसते आहे.

वास्तविक क, म, ल, र ही चार अक्षरे आणि एक काना एवढ्या भांडवलावर काका, मामा, राम, काम, लाल, मला, कमाल, कलाकार इतके शब्द मूल पहिल्या काही आठवड्यांत स्वतः वाचू शकते, लिहू शकते. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत थोडी अक्षरे आणि त्यांच्याबरोबरच मात्रा देत जाण्याचा हाच मार्ग धरला. मराठी वाचन शिकवण्याचा इतका बारकाईने विचार फार थोड्यांनी केला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांच्या पाड्यावरच्याच पानाफुलांतून, शंखशिंपल्यांतून शिक्षण उभे केले. हे सारे आपल्याच राज्यात घडलेले आहे.

तेव्हा पहिलीचे पुढचे पुस्तक छापखान्यात जाण्याआधी ते एक पूर्ण वर्ष पालघरच्या पाड्यावर, साखर कारखान्याच्या तळावरच्या ऊसतोड मजुरांच्या पोरांत आणि शहरातल्या वस्तीशाळेत चालवून पाहावे. ज्या पानावर मुले अडतील, ते पान बदलावे. आणि त्या शिकवणाऱ्या बाईंना व गुरुजींना पुस्तकाच्या समितीत मत द्यावे.