साबुदाण्याचे सोवळे

उपवास म्हणजे न खाणे, ही समजूत महाराष्ट्राने केव्हाच तळून खाल्ली! शनिवारी शनिशिंगणापूरला जाणारा भक्त देवाला तेल वाहतो आणि तितक्याच भक्तिभावाने स्वतःच्या पोटातही रिचवतो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, वर वाटेवरच्या रसवंतीत बैलाने फिरवलेल्या चरकातल्या उसाच्या रसाचा मोठा ग्लास. दोन तासांत पुन्हा भूक, पुन्हा वेफर्स. आणि सोमवारी हाच गृहस्थ पोट उतरवणारे चूर्ण शोधत फिरतो!

दोष ग्रहांचा नाही, ताटाचा आहे. ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूला धाडणारी जीएलपी-1 आणि पीवायवाय ही संप्रेरके आतड्याच्या पेशींतून पाझरतात. त्यांना विशेष जाग येते प्रथिनांनी, आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू जो चोथा आंबवतात त्याने. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातले जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो त्यांना किती वेळ जागे ठेवणार?

आणि हे म्हणे शास्त्रोक्त! कसावा दक्षिण अमेरिकेतला, बटाटाही तिथलाच. खिचडीतली मिरची आणि शेंगदाणाही त्याच बाजूचे पाहुणे. तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यातून येणारा दाणा कोणत्या ऋषीने पवित्र ठरवला? शिंगणापूरभोवतालच्या नेवाशाच्या रानातली बाजरी, मटकी, हुलगा मात्र उपवासाला विटाळ! दहा कोटींहून अधिक मधुमेही असलेल्या देशाला हे सोवळे परवडणारे नाही.

मार्च 2025 मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही याच जीएलपी-1ची नक्कल करून वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आली. शरीरातले जीएलपी-1 काही मिनिटांतच नष्ट होते. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडची एक मात्रा आठवडाभर पुरते. उसळ त्या सुईची बरोबरी करणार नाही. ‘नैसर्गिक जीएलपी’ म्हणून डबे खपवणारे तर धादांत खोटे बोलतात. डॉक्टरांनी ज्याला सुई दिली असेल त्याने ती लाज न बाळगता घ्यावी. पण ज्याचे पोट फराळानेच सुटले आहे, त्याने आधी फराळ बदलावा.

‘परंपरा बुडेल’ ही बोंब शिंगणापूरला नवी नाही. महिलांना शनीच्या चौथऱ्यापासून रोखणाऱ्यांनीही तीच ठोकली होती. 8 एप्रिल 2016 रोजी, ऐन गुढीपाडव्याला, त्यांना माघार घ्यावी लागली. शनी कोपला नाही. तो मटकीवर कोपेल?

देवस्थानाने येत्या शनिअमावस्येला ठळक फलक लावावा: उपवासाला बाजरीची भाकरी आणि मोडाची मटकी चालते. प्रसादाच्या पंगतीत तीच वाढावी. कर्मठ कुरकुरतील; फराळाचे दुकानदार त्याहून मोठ्याने कुरकुरतील. खुशाल कुरकुरू द्यावे.