अठरा तास अभ्यासाला अर्धा तास व्यायामाची जोड द्या

१४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण अठरा तास हा वर्षभराचा नियम म्हणून कॉलेजच्या मुलांवर लादणे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांची ज्ञाननिष्ठा सांगताना, अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने त्यांना किती छळले, हेही मुलांना सांगा.

डोंगरीतली मुले बसने भाईंदर स्टेशन गाठतात, मग लोकलमध्ये उभ्याने मुंबई. घरी आल्यावर पुन्हा पुस्तक, नाहीतर मोबाइल. शिष्यवृत्ती रखडलेली, घरातली पहिलीच पदवी, सगळ्यांच्या आशा त्यांच्यावर. मग झोप उडते, चिडचिड होते, छाती धडधडते. घरचे म्हणतात, "अभ्यासात लक्षच नाही." आम्ही आरोग्य कार्यकर्त्या म्हणतो, आधी त्यांचे अंग हलू द्या.

नियमित व्यायामाने झोप सुधारते, ताण उतरतो, चिंता आणि उदासी कमी व्हायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने चालले तरी पुरे. जिमची फी लागत नाही. अंगुत्तर निकायातल्या चंकम सुत्तात तथागतांनी चालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत निरोगी शरीर आहे आणि टिकणारी एकाग्रताही आहे.

मुलगे मैदान गाठतात. मुलगी चालायला निघाली की "कुठे चाललीस?" असा प्रश्न येतो आणि कॉलेजातून आल्यावर भांडी तिचीच. म्हणून ज्या विहाराला अंगण आहे, त्यांनी ते रोज संध्याकाळी अर्धा तास मुलींसाठी राखावे. लेझीम जयंतीच्या मिरवणुकीपुरती न ठेवता आठवड्यातून तीन दिवस खेळावी.

मात्र व्यायाम हे अन्यायावरचे औषध नाही. जातीवरून अपमान होत असेल तर कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा मरणाचे विचार आले, तर नुसते "फिरून ये" म्हणू नका. मुलाला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. तो विहाराच्या फलकावर आजच लिहा.

जय भीम.