बांडगुळास मानवणारी हवा

उन्हाळ्याच्या आरंभीं आम्ही बदलापुरास एका स्नेह्यांकडे गेलों होतों. अंगणांतील जुना आंबा निम्मा वाळला होता. शेंड्याकडे मात्र हिरवे झुबके डोलत होते. "झाडानें अजून जीव धरला आहे," असें घरांतील आजी म्हणाल्या. तो जीव आंब्याचा नव्हता, बांडगुळाचा होता.

अमरकोशांत बांडगुळास 'वृक्षादनी', म्हणजे वृक्षास खाणारी, असें अन्वर्थक नांव आहे. त्याचीं फळें फुलटोच्या पक्षी खातो आणि चिकट बीं फांदीवर टाकतो. बीं तेथेंच रुजतें व मुळें फांदींत घुसवून पाणी आणि क्षार शोषतें. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या उल्हास नदीकांठच्या टापूंत पावसाळ्याची दमट हवा अशा उघड्यावरच्या बियांच्या पथ्यावर पडते. पुढें उन्हाळ्यांत पाण्याचा ताण पडला, कीं झाड पानांचीं सूक्ष्म रंध्रें मिटून ओल जपतें. बांडगूळ मात्र आपला उपसा फारसा कमी करीत नाहीं. म्हणजे पावसाळा त्यास पोसतो आणि उन्हाळा त्याच्याकरवीं झाडास मारतो.

घाट चढून गेल्यावर हवा बदलते, तसा चोरही बदलतो. तेथें ज्वारीच्या मुळांवर टारफुला जगतो. त्याचें धुळीसारखें बीं जमिनींत वर्षानुवर्षें पडून राहतें. ऊब व ओल मिळाल्यावर ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याची चाहूल लागली, तरच तें रुजतें. कमी पावसाची निकस जमीन त्यास मानवते. पाणी तुंबलेलें भाताचें खाचर मानवत नाहीं. हाच टारफुला १९५६ सालीं अमेरिकेंतील कॅरोलिना प्रांतांत मक्याच्या शेतांत आढळला आणि त्याच्या निर्मूलनास कित्येक दशकें खर्ची पडलीं. हवा तेथें आधींपासूनच अनुकूल होती. उणीव होती ती बियांची. पृथ्वीचें उष्णमान वाढत असतां आज थंड असलेले प्रदेशही अशा तणांस अनुकूल होऊं शकतील, म्हणून बीं रोखणें अधिकच अगत्याचें.

आमच्या स्नेह्यांच्या अंगणांत, त्या आंब्याशेजारींच, नातवानें लावलेलें कलम आहे. बांडगुळाचीं फळें पिकलीं असतीं, तर पक्ष्यांनीं बीं तेथेंही पोंचविलें असतें. हें समजावून सांगतांच आजींचा विरोध मावळला. नुसता झुबका तोडल्यास आंतील मुळांतून तो पुन्हां फुटतो. म्हणून चिकटल्या जागेच्या बरीच खालून फांदीच कापविली आणि कापावर बोर्डो मलम लावविलें. वाचकांनींही आपल्या अंगणांतील झाडांकडे एकदां मान वर करून पाहावें. हवापाणी आपल्या स्वाधीन नाहीं, कोयता आहे.