दोन भाषांची शाळा

मुलांस कोणत्या भाषेंत शिकवावें, या प्रश्नावर एकत्र कुटुंबांत आजोबांपासून धाकट्या सूनबाईंपर्यंत प्रत्येकाचें मत निराळें असतें. बारामती व इंदापूर या तालुक्यांत हा प्रश्न आतां शहरापुरता राहिलेला नाहीं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतहि 'सेमी-इंग्रजी' पद्धति आली आहे : गणित व विज्ञान इंग्रजींतून, बाकीचे विषय मराठींतून.

आमच्या मतें खरा प्रश्न भाषेचा नसून समजुतीचा आहे. साध्या अंकांचेंच पाहा. मराठी 'पंचवीस' या शब्दांत पांच आधीं व वीस मागून येतात. इंग्रजींत वीस आधीं व पांच मागून. 'एकोणतीस' म्हणतांना तर तिसांतून एक वजा करावा लागतो. चीनच्या मँडरिन भाषेंत मात्र पंचविसास 'दोन-दहा-पांच' अशा अर्थाचे सरळ शब्द आहेत. इ. स. २०१९ मध्यें बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असें वाचन दिलें, तेव्हां केवढें वादळ उठलें, हें वाचकांस स्मरत असेलच. सहा-सात वर्षांच्या बालकानें ही उलटसुलट दोन भाषांत सांभाळावयाची, आणि त्याच तासांत हातचाहि ध्यानांत ठेवावयाचा!

म्हणून दोन भाषा नकोतच, असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील यूटा राज्यांत इ. स. २००८ च्या कायद्यानंतर सरकारी प्राथमिक शाळांतून मँडरिनचेहि द्विभाषी वर्ग निघाले. तेथें अर्धा दिवस एक शिक्षक इंग्रजींतून शिकवितो, उरलेला अर्धा दिवस दुसरा शिक्षक मँडरिनमधून. प्रत्येक भाषेस स्वतःचा वेळ आहे व ती उत्तम येणारा गुरु आहे. उलट, जेथें एकच गुरुजी पुस्तकांतील इंग्रजी वाक्य वाचून लगेच त्याचें मराठी सांगतात, तेथें मूल इंग्रजी ऐकतच नाहीं; तें मराठीची वाट पाहत बसतें. बारामतीस मोरोपंत पुराण सांगत, तेंहि संस्कृताचें मराठी करणेंच होतें. परंतु दोन्ही भाषा त्यांच्या हातच्या होत्या, म्हणून तें साधलें.

तेव्हां शाळेंत नांव घालतांना पालकांनीं एवढें अवश्य विचारावें कीं, इंग्रजींतून गणित शिकविणार कोण, व त्यांची त्या भाषेंत तयारी किती? घरीं आजीनें पाढे, पावकी, निमकी मराठींत म्हणवून घ्यावी. मुलानें शाळेंत इंग्रजींतून सोडविलेलें एखादें उदाहरण रोज मराठींत समजावून सांगावें. हातचा कां घेतला हें त्यास सांगतां आलें, तर गणित समजलें. न आलें, तर केवळ शब्द पाठ झाले.

सुशिक्षित घरांस इतकें करतां येतें. पण गळिताच्या हंगामांत सोमेश्वर, माळेगांव, भवानीनगर येथील कारखान्यांसाठीं ऊंस तोडावयास बीडकडून येणाऱ्या कुटुंबांचें काय? त्यांतील बंजारा मुलांची घरची भाषा गोरमाटी. मराठी दुसरी व इंग्रजी तिसरी. त्यांच्या पाठीशीं पाढे म्हणवून घेणारी आजी नसते, शाळा हाच एक आधार. यासाठीं आपलें मूल कोठेंहि शिकत असो, गांवच्या सरकारी शाळेस दोन्ही भाषांत तयार असे शिक्षक मिळावेत, असा आग्रह आपण धरला पाहिजे.